सैल बांगड्यांची रीत

अजूनही दुपारी डोळा लागला की मला तो आवाज येतो. काचेच्या बांगड्या मनगटावरून कोपरापर्यंत घरंगळत जातात आणि पुन्हा खाली येतात, संथ, जात्याच्या फेऱ्याबरोबर. मग कुणीतरी त्या दुसऱ्या हातानं धरतं आणि आवाज थांबतो. म्हणजे पाळण्यातलं मूल झोपलं असणार. मी डोळे उघडत नाही. उघडले की आवाज जातो, हे मला आता पाठ झालं आहे.

तो आवाज माझ्या सासूबाईंच्या बांगड्यांचा. आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणायची पद्धत, तशी मीही म्हणायचे. विंझरला आमचं घर नदीच्या अंगाला होतं, समोर तोरण्याचा डोंगर. आत्याबाई दाराची कडी लावताना ती हातात धरून हळूच सोडायच्या, कडीलाही लागेल की काय अशा बेतानं. कोंबड्या हाकलायच्या त्याही नुसता पदर हलवून. गोठ्यातली मारकी म्हैस त्यांच्याशिवाय कुणाला कासेला हात लावू द्यायची नाही. पाणवठ्यावर बायका म्हणायच्या, "थोरलीच्या तोंडात जीभ हाय का न्हाई, कुनी बगितली का?" आत्याबाई ते ऐकून हसायच्या, आणि हसायच्याही अशा की शेजारच्या खोलीत कळू नये.

मी मात्र मऊ मुळीच नाही. माझ्या जिभेला हाड नाही, असं माझ्या घरात लहानथोर सगळे म्हणतात आणि त्यात खोटं काही नाही. त्यामुळेच असेल, मऊपणा कशाला म्हणतात ते कळायला मला वर्षं लागली. मला वाटायचं, मऊ माणूस म्हणजे ज्याला राग येत नाही, ज्याचं कशावाचून काही अडत नाही, असं माणूस. ढकलाल तिकडं सरकणारं.

माझं माहेर उत्रोलीचं. भोरपासून हाकेच्या अंतरावर, सगळी भातखाचरं. भाताचं रोप टाकायच्या आधी त्या वाफ्यावर शेण, पाला, गवत पसरून पेटवून देतात, त्याला राब भाजणं म्हणतात. फाल्गुन-चैत्रात आमचं सगळं खोरं त्या धुरानं भरून जायचं. मला माझं लहानपण आठवतं तेही त्या धुरातूनच, कडा पुसट झालेलं. असंच एकदा विझलेल्या राबात पुरलेलं रताळं काढायला मी हात घातला. वरची राख गार होती, खाली इंगळ होते. हात बरा झाला, पण उजवा अंगठा तळव्याकडे वळायचा थांबला तो थांबलाच, आणि बोटांमागची हाडं ताठ होऊन बसली.

त्या हातानं मी पुढं लावणी केली, दळणं दळली, घागरी वाहिल्या. लिहायला मात्र भोरच्या मुलींच्या शाळेत डाव्या हातानं शिकले, आणि हेही डाव्याच हातानं लिहिते आहे. उजव्याला एकच गोष्ट जमत नव्हती, लहान होणं. आणि बांगडी भरायची तर हात लहान करावा लागतो, अंगठा आत घेऊन, बोटं जुळवून. आई माझ्या डाव्या हातात मापाच्या आणि उजव्यात मोठ्या बांगड्या भरून घ्यायची. पदराखाली कोण बघायला येतं?

मला बघायला आले ते पुरुषच. त्यांनी मला चालायला लावलं, चार अक्षरं वाचायला लावली, आणि उजवा हात पदराखालीच राहिला. लग्न ठरलं. आई हरखली होती आणि आईला झोप लागत नव्हती. खोट लपवून दिलेली मुलगी मांडवातून परत धाडल्याच्या गोष्टी तेव्हा सगळ्यांनीच ऐकलेल्या होत्या. परत आलेल्या मुलीचं पुढं काय झालं, ते मात्र कुणी सांगत नसे.

आमच्यात तेव्हा लग्न मुलाच्या गावी लागायचं. हळदीच्या आधी नवरीचा हिरवा चुडा भरायचा तो सासरच्या कासारणीनं, सासरच्या बायकांसमोर. आईचा बेत असा होता, की पोचल्या पोचल्या त्या कासारणीला बाजूला घ्यायचं आणि हळूच सांगून ठेवायचं.

वैशाखात आम्ही उजाडता उजाडता बैलगाड्यांनी निघालो. कापूरहोळ गेलं, नसरापूर गेलं, मग डोंगर जवळ येत गेले. मी अर्धवट झोपेत होते, घुंगरांच्या तालावर माझं डोकं आईच्या खांद्यावर आपटत होतं. मधेच डोळे उघडले तर आईनं माझा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतलेला, आणि ती अंगठा चोळत होती, आत वळतोय का बघत होती. मी पुन्हा डोळे मिटले. त्या प्रवासातलं मला एवढंच आठवतं, आणि उन्हाच्या धुरकटपणात तोरण्याचा माथा, जमिनीपासून सुटून वर तरंगत राहिलेला.

विंझरला पोचलो तर कासारीण आधीच ओसरीवर बसलेली. नसरापूरच्या बाजाराची बाई. सुतळीत ओवलेल्या बांगड्यांचे मलार तिनं समोर पसरले होते आणि भोवती सासरच्या बायकांचं कोंडाळं. बाजूला घेणार कुणाला आणि सांगणार कधी? आई ओसरीच्या खांबापाशी उभी राहिली.

कासारणीनं माझा डावा हात घेतला आणि गप्पा मारता मारता चुडा भरून टाकला. मग उजवा मागितला. मी दिला. तिनं तळवा दाबला आणि तिच्या गप्पा थांबल्या. तिनं तेल लावलं, अंगठा आत घ्यायला बघितला, मला ब्रह्मांड आठवलं. बांगडी हाडापर्यंत आली आणि कट्कन गेली.

"वाढवली," ती म्हणाली. बांगडी फुटली असं आमच्यात म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. पण चुड्याची बांगडी वाढवली म्हणजे काय, ते सगळ्यांनाच कळतं.

चुलत सासूबाई, म्हणजे आत्याबाईंची धाकटी जाऊ, पुढं वाकल्या. त्यांची जीभ अख्ख्या विंझरला माहीत होती. "का गं, पोरीनं हात का आवळून धरलाय?" त्या म्हणाल्या. कासारणीनं दुसरी बांगडी उचलली. तीही गेली असती तर अपशकुन झाला असता, अपशकुनाचं कारण शोधलं गेलं असतं, आणि कारण माझ्या पदराखालीच होतं. आईनं खांब धरला.

तेवढ्यात माझ्या उजव्या बाजूनं एक हात पुढं आला आणि कासारणीच्या हातावर टेकला. खाली घातलेल्या मानेनं मला तेवढाच दिसला. सावळा, लहान, एखाद्या परकऱ्या पोरीचा वाटावा असा.

"मावशे, थांब," आत्याबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तो हा. "ह्या मापाच्या भरू नगंस. आमच्या घरी नव्या सुनंला सैल बांगड्या भरायची रीत हाय."

"आक्का, ही रीत कवाची?" चुलत सासूबाईंनी विचारलं.

"सासूबाईंची. तू आलीस तवा त्या न्हवत्या. मदी मोडली व्हती, आता परत धरायची." मग त्या कासारणीला म्हणाल्या, "मोठ्या मापाच्या काड. दोनी हातांत भर. आनी मग माज्याबी भर. रीत धरायची ती आपल्यापास्नं."

कासारणीनं क्षणभर आत्याबाईंकडं बघितलं. ती त्या घरी त्यांच्या सासूबाईंच्या वेळेपासून येत होती. "व्हय की," ती म्हणाली, "म्या इसरलेच बगा." आणि तिनं दुसरा मलार पुढं ओढला.

मोठी बांगडी माझ्या उजव्या हातातून सहज गेली. मागोमाग दुसरी गेली, चुडा भरला, मला हळदीला आत नेलं. ओसरीवर पुढं काय झालं ते मी बघितलं नाही. मला वाटलं, देवच पावला. नेमकी याच घरी अशी रीत निघावी, काय नशीब माझं! त्या वयात याहून जास्त काही सुचत नाही.

विंझरातली माझी वर्षं मला सलग आठवत नाहीत. डोंगरावरचं धुकं विरतं तशी तुकड्यातुकड्यांनी दिसतात. आषाढात डोक्यावर इरली घेऊन आम्ही बायका वाकून रोपं लावतो आहोत आणि आत्याबाई मधेच थांबून चिखलात हात घालून काहीतरी चाचपताहेत. बांगडी निसटलेली असायची. कधी सापडायची, कधी नाही. पुढच्या साली चिखलणी करताना औताच्या मागं हिरवी काच चमकायची आणि मुलं ती वेचून आणायची. भाकऱ्या थापायला बसल्या की आत्याबाई आधी बांगड्या कोपरापर्यंत चढवून चिंधीनं बांधायच्या, नाहीतर त्या पिठात यायच्या. कडीचा आवाज न होऊ देणारी बाई घरभर किणकिणत फिरायची. झोपलेल्या मुलावर पांघरूण घालायचं झालं, तर एका हातानं दुसऱ्या हातातल्या बांगड्या धरून घालायची.

पहाटे दळायला त्या माझ्यासमोर बसत. जात्याच्या खुंट्याला कधीतरी त्यांनी चिंध्या गुंडाळून तो जाड केला होता. माझ्या न वळणाऱ्या हाताला तो फार बरा बसायचा. का गुंडाळला, हे मी कधी विचारलं नाही. माझा हात मी घरातही झाकूनच वागवत होते. घरधन्यांना ठाऊक होतं, पण ते बोलणाऱ्यांतले नव्हते. बाकी कुणी कधी चकार शब्द काढला नाही, त्यामुळं कुणाला कळलंच नाही, असं मी धरून चालले होते. किती शहाणी मी!

गावात चेष्टा व्हायची. "तुमच्या घरची बाई आदी आयकू येती, मागनं दिसती," असं बायका म्हणायच्या. मला चीड यायची. माझं ठीक होतं, मला सैल बांगडीवाचून गती नव्हती. पण आत्याबाईंनी हे का सोसावं? एकदा मी म्हणाले, "आत्याबाई, तुमी तरी बारक्या भरून घ्या की. आता तुमाला कोन इचारनार हाय?"

"रीत हाय गं," त्या म्हणाल्या, आणि चिंधी सोडून बांगड्या खाली घेतल्या. मला वाटलं, बघा, मऊ माणसाचं हे असं. सासूनं घालून दिलं ते मरेपर्यंत पाळायचं, स्वतःचं म्हणून काही नाहीच.

माझी धाकटी जाऊ आली ती सारोळ्याची. नीरेच्या पुलाजवळचं, रस्त्यावरचं गाव, जगाची रहदारी बघितलेली मुलगी. तिला मनगटाला चिकटून बसणाऱ्या बांगड्यांची हौस. चुड्याच्या वेळी ती रुसली, डोळ्यांतून पाणी काढलं. मी तिची बाजू घेतली, मोठ्यानंच घेतली. आत्याबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. तिला खण आणायचा कबूल केला, नागपंचमीला माहेरी धाडायचं कबूल केलं, पण बांगडी सैलच भरली. "एका घरात दोन मापं नगंत," एवढंच म्हणाल्या. त्यांना असं हटून बसलेलं मी पहिल्यांदाच बघत होते आणि मला त्यांचा खरोखर राग आला. त्यात चुलत सासूबाई सगळ्यांच्या वरताण. "रीत पटत न्हाई तर सारूळ्याचा रस्ता धर म्हनावं," असं त्यांनी मांडवात सुनावलं.

आत्याबाई गेल्या तेव्हा मोठी लढाई चालू होती, गावात रॉकेलसुद्धा मिळत नव्हतं. थंडीचे दिवस. ताप उतरेना. अंथरुणावर त्यांचे हात इतके वाळले की बांगड्या नुसत्या श्वासानंही वाजायच्या. मी उशाशी बसून तो आवाज ऐकत राहायचे, तंद्री लागायची, मला वाटायचं आपण दळायला बसलो आहोत. एका सकाळी उन्हं ओसरीवर आली आणि आवाज थांबला.

मामंजी होते, म्हणजे आत्याबाई सवाष्ण गेल्या. सवाष्णीला नवा हिरवा चुडा भरून न्यायचं असतं. नसरापूरला माणूस गेला आणि तीच कासारीण आली, आता पुरती म्हातारी झालेली. तिनं आत्याबाईंचा हात मांडीवर घेतला आणि बराच वेळ नुसता चोळत बसली, जिवंत माणसाचा चोळावा तसा. मग मलाराच्या टोकाची, पोरीबाळींच्या मापाची बांगडी सोडवली.

"ती न्हवं," चुलत सासूबाई म्हणाल्या. "सैल काड. घरची रीत हाय."

"बाई, ह्या हाताचं माप ह्येच," कासारीण म्हणाली. "एवडा बारका हात म्या ह्या मुलखात बगितला न्हाई. नवी नवरी आली तवापास्नं हिला बांगडी घट लागायची. जराबी हललेली खपायची न्हाई, वाजती म्हनून. हिच्यासाठी म्या निराळं माप ठेवत व्हते." मग तिनं माझ्याकडं बघितलं. पुढचं ती इतकी वर्षं बोलली नव्हती, त्या दिवशीही बोलली नाही.

मला बसल्या जागी सगळं कळलं. आत्याबाईंच्या सासूबाईंची कसली रीत नव्हतीच. ओसरीवर माझा हात बघून आत्याबाईंनी ती उभ्या उभ्या काढली होती, आणि काढली म्हणून जन्मभर पाळली होती. सगळ्यांच्याच सैल असल्या, म्हणजे एकीच्या हाताकडं कोण बघतं? ज्या बाईला आवाज सोसत नव्हता तिनं तो स्वतःच्या हातात बाळगला. आत्याबाई गेल्या त्याचं रडं माझं रडून झालं होतं. हे रडं निराळं होतं. मला इतकं दिलं गेलं आणि मी त्याला रीत समजत राहिले, याचं.

ओसरी बायकांनी भरली होती. गावच्या होत्या, दुखणं ऐकून आधीच येऊन राहिलेल्या सारोळ्याच्या होत्या, उत्रोलीच्या माझ्या भावजया होत्या. आत्याबाईंना त्यांच्या मापाची बांगडी मिळायची, तर रीत खोटी हे कुणीतरी सांगायला हवं होतं, आणि ती का निघाली तेही. मी उजवा हात पदरातून बाहेर काढला आणि सगळ्यांसमोर धरला.

"रीत न्हवती," मी म्हणाले. "माजा हात असा हाय. ल्हानपनी राबात भाजला. त्यांनी माज्यासाठी रीत काडली. आता त्यांना त्यांच्या मापाच्या भरा."

मी चुलत सासूबाईंच्या जिभेची वाट बघत होते. त्या उठल्या, माझ्यापाशी आल्या, माझा हात धरला आणि परत पदराखाली सारला.

"मला काय डोळं न्हाईत व्हय?" त्या म्हणाल्या. त्यांना इतकं हळू बोलता येतं हे मला ठाऊक नव्हतं. "पयल्याच दिशी बगितला व्हता म्या तुजा हात. आक्कानं रीत सांगितली तवाच कळलं मला. तिनं झाकलं ते म्या उगडायचं व्हय?"

म्हणजे रीतीसाठी सगळ्यांत मोठ्यानं भांडणाऱ्या बाईला ती खोटी आहे हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी ज्याला खाष्टपणा म्हणत आले, तोही त्या मऊपणाचाच पहारा होता. त्या कासारणीकडं वळल्या.

"भर मावशे. तिच्या मापाच्या भर."

बारक्या हिरव्या बांगड्या एकेक करून आत्याबाईंच्या हातांत गेल्या आणि मनगटाशी बसल्या. तेल लागलं नाही. त्यांना उचलून नेलं तेव्हा मी कान देऊन होते. काहीही वाजलं नाही.

पुढं वैशाखात चुलत सासूबाईंच्या धाकट्या मुलाचं लग्न निघालं. तीच ओसरी, तीच कासारीण, बायकांचं तेच कोंडाळं. आता लपवायचं काही राहिलं नव्हतं. नवरीचा हात चांगला लवचीक होता, कुठल्याही मापाची बांगडी गेली असती. कासारणीनं तो हातात घेतला आणि वर बघून विचारलं, "कंचं माप?"

चुलत सासूबाईंनी माझ्याकडं बघितलं. मी समोरच्या मलारांकडं बघत होते. माझ्या शेजारी धाकटी जाऊ बसली होती, सारोळ्याची, सैल बांगड्यांपायी स्वतःच्या चुड्याच्या दिवशी रडलेली. तिनं माझा उजवा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला.

"सैल भर," ती म्हणाली. "आमच्या घरची रीत हाय."